पहिल्या ताऱ्यांना चुंबक लागला का, मास्तर?

मास्तर,

काल संध्याकाळी शिरगावच्या वाचनालयात तुमचं व्याख्यान झालं. बोललो मी. फळ्यावर विषय तुम्ही दिलेलाच होता, ‘पहिले तारे कसे जन्मले’, आणि खाली तुमच्या नावाआधी कोणीतरी मागाहून ‘कै.’ घातलं होतं. जागा पुरली नव्हती, त्यामुळे ते तिरकं आणि बारीक आलं होतं. मला ते पुसून टाकावंसं वाटलं, पण निर्मलाताई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. म्हटलं, राहू दे.

जळलेल्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस ताऱ्यांवर बोलायला कसा उभा राहिला, हे तुम्हाला सांगायलाच हवं. कारण त्यात तुमचा हात आहे, असं ताईंचं म्हणणं आहे. आणि बोललो तेही तुमच्या बाजूनं, जी बाजू मला एक दिवससुद्धा पटली नाही.

आपण साडू. निर्मलाताई तुमच्या, सुलभा माझी; या दोन सख्ख्या बहिणींच्या पसंतीमुळे एकमेकांच्या गळ्यात पडलेली दोन माणसं. तुम्ही पालघरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचात, मी डिप्लोमा करून बोईसरच्या एमआयडीसीत जळलेल्या विजेच्या मोटारी आणि जनरेटर दुरुस्त करायचो. ओळख झाली तेव्हा मी तुम्हाला ‘मास्तर’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, "प्राध्यापक." मी म्हटलं, "बरं, मास्तर." मग तुम्ही माझं नाव ‘कारखानदार’ ठेवलंत. माझा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि वार्निशचा वास, हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी चारचौघांत तुम्ही ते नाव इतक्या गंभीरपणे घ्यायचात की लोक माझ्याकडे वर्गणी मागायला यायचे.

आपली गाठ पडायची केळव्याला, सासुरवाडीच्या वाडीत. जावई म्हणून आपल्याला काही काम नसायचं. पानवेलींना पाणी घालायला गेलो तर सासूबाई ओरडायच्या. मग ओट्यावर बसून नारळपाणी पिण्याखेरीज उरायचं काय? अशाच एका संध्याकाळी, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, सुपारीच्या झाडांमागे पहिली चांदणी दिसली आणि तुम्ही मला विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांची गोष्ट सांगायला घेतलीत. तेव्हा लोखंड नव्हतं, कोळसा नव्हता, धुळीचा कण नव्हता. होता तो नुसता हायड्रोजन आणि हेलियम. त्याचे अवाढव्य ढग. ढग स्वतःच्याच ओढीनं आत आत यायला लागला, तापला, हळूहळू निवला, पुन्हा आक्रसला, आणि होता होता पोटात तारा पेटला. तुम्ही सांगत होतात तेव्हा वाटत होतं, सगळं समोरच्या केळीच्या बागेत घडतंय.

मी विचारलं, "ढग फिरतो का?"

"थोडासा फिरतो."

"मग आक्रसताना जोरात फिरायला लागेल. आणि जोरात फिरणारी वस्तू आत पडत नाही, मास्तर. ब्रेक कुठाय?"

तुम्ही शहाळं खाली ठेवलंत आणि माझ्याकडे वळून बसलात. तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो. भाबड्या माणसाची कीव केल्याचा नव्हता तो. मनासारखी खोडी काढणारा कोणी भेटला, म्हणून झालेल्या आनंदाचा होता. मला तोवर इतकं शिकलेल्या माणसानं असं कधी वागवलं नव्हतं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

तुम्ही म्हणालात, आजकालचे तारे जन्मतात तेव्हा ब्रेकचं काम चुंबकीय क्षेत्र करतं. वायूतून त्याच्या रेषा गेलेल्या असतात, आतल्या गोळ्याला बाहेरच्या वायूशी दोरीनं बांधावं तशा. आतला गोळा गरगरायला लागला की त्या रेषा पिळल्या जातात आणि गिरकी बाहेर नेऊन टाकतात. मग आतला निवांत आक्रसतो.

"झालं तर," मी म्हटलं. "पहिल्या ताऱ्यालाही चुंबक लागला असणार."

"कुठून आणला?" तुम्ही विचारलंत.

तिथून जे सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही. तुमचं म्हणणं एकच, पहिले तारे चुंबकाशिवाय जन्मले. नुसत्या गुरुत्वावर आणि निवण्यावर. चुंबक नंतर आला, ताऱ्यांच्याच पोटातून. माझं म्हणणं, सुरुवातीला चुंबक नसेल तर पुढे तो कुठूनच यायचा नाही. गणपतीत तेच, मे महिन्यात तेच. एकदा आपला आवाज इतका चढला की शेजारच्या वाडीतल्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, साडूसाडूंत वाटणीवरून जुंपली.

सासूबाई म्हणाल्या, "जमिनीचा नाय हो काय. ते आबालातल्या ढगाचा चाललाय. दोगांना शिकवून आमीच चूक केली म्हना."

"आमाला तुमी कुठं शिकवलंत, आई?" असं तुम्ही त्यांच्याच बोलीत विचारलंत, तर म्हणाल्या, "मुली दिल्या ना!"

मला सातपाटीचा तो दिवस सारखा आठवतो. तिथल्या एका बर्फाच्या कारखान्याची लाइट गेली होती आणि कित्येक महिने बंद पडलेला जनरेटर सुरू होईना. इंजिन धडधडत होतं, पण व्होल्टमीटरचा काटा ढिम्म. मला बोलावणं आलं, तुम्ही सुट्टीवर होतात, म्हणालात, मीही येतो. दारात कोळणी माशांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एकीनं तुमचा इस्त्रीचा शर्ट बघून तुम्हालाच साहेब ठरवलं आणि धारेवर धरलं. "बरफ नाय तर मावरा काय डोक्यावर घेऊन नाचू? काय ता लवकर करा ना!" तुम्ही इतके घाबरलात की तिला "हो बाई, करतो" म्हणालात.

जनरेटरला रोग साधा होता. त्याच्या लोखंडात नेहमी थोडा चुंबक शिल्लक राहतो, फिरायला लागलं की त्या शिलकीवर वीज तयार होते, ती वीज चुंबक वाढवते, वाढलेला चुंबक आणखी वीज देतो. ती शिल्लकच उतरली होती. मी बाहेर उभ्या असलेल्या ट्रकची बॅटरी काढून आणली, तिच्या दोन वायरी फील्डच्या, म्हणजे चुंबक करणाऱ्या वेटोळ्याच्या, टोकांना क्षणभर टेकवल्या, ठिणगी उडाली आणि काटा चढायला लागला. बॅटरी बाजूला केली तरी चढतच राहिला. कोळणींनी गलका केला. मी विजयानं तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, "बघा. बीज लागतंच. थोडंसं का होईना, पण लागतंच."

तुम्ही बर्फाच्या लादीवर हात टेकून विचार करत होतात. म्हणालात, "बॅटरीचं काम वायू स्वतःच करू शकतो. तापलेल्या वायूत इलेक्ट्रॉन हलके, ते आधी पळतात, जड कण मागे राहतात. वाकडीतिकडी उष्णता असली की त्यातून बारीकसा प्रवाह सुटतो, आणि प्रवाहाबरोबर चुंबक. इतका क्षीण की मोजतासुद्धा येऊ नये. तेवढं बीज मी तुम्हाला देतो, कारखानदार. पण इथं लोखंड होतं, त्यानं ते धरून ठेवलं. आणि इंजिन होतं, ते मिनिटभरात शेकडो फेरे मारतं. ढग बिचारा एकदा आक्रसतो आणि संपतो. त्याला फेरे किती मिळाले? तेवढ्यात तुमचं बीज वाढून ब्रेक लावण्याइतकं होईल?"

मी वायरी गुंडाळायला घेतल्या. मी म्हटलं, "होईल." तुम्ही हसलात. येताना त्या कोळणीनं आपल्याला बोंबील दिले आणि ते तुम्ही खिशातल्या रुमालात बांधून आणलेत, त्यावरून ताई दोन दिवस बोलत नव्हत्या.

त्या प्रश्नानं मला वाचायला लावलं, मास्तर. डिप्लोमानंतर मी वर्तमानपत्राखेरीज काही वाचलं नव्हतं. तुम्ही मुंबईला जाऊन लेखांच्या झेरॉक्स आणायचात, पेन्सिलीनं मराठीत समासात अर्थ लिहून द्यायचात. ज्या लेखात माझ्या बाजूचं काही असेल, तो आधी द्यायचात. हे मला फार उशिरा लक्षात आलं. बाकी कोणी भांडताना समोरच्याला दगड पुरवत नाही. आणि मला राग यायचा तो याचाच. तुम्ही इतके शांत असायचात की माझा आवाज मला एकट्यालाच ऐकू यायचा. शेवटी विचारलं की, "मग खरं काय?" तर म्हणायचात, "अजून कोणालाच कळलेलं नाही." हे असं बोलणं कारखान्यात चालत नाही हो. गिऱ्हाइकाला मी म्हणू का, तुमची मोटार का जळली ते अजून कोणालाच कळलेलं नाही?

शेवटची भेट माझ्या शेडमध्ये झाली. तुम्ही पालघरहून मुद्दाम आला होतात, हाताला काम असल्यासारखे जुन्या तांब्याच्या तारेशी चाळा करत स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "समजा, कारखानदार, समजा की अगदी पहिल्या ढगात चुंबक होता..." तेवढ्यात एक ड्रायव्हर आत आला. "सेठ, अपना मोटर हो गया क्या?" मी त्याला मोटार दाखवायला गेलो, परत आलो तर तुमची निघायची वेळ झाली होती. त्या ‘समजा’च्या पुढे काय होतं? मला खिंडीत पकडायचा नेहमीचा डाव होता, की तुम्ही थोडे माझ्या बाजूला सरकत होतात? मी कितीदा ते वाक्य पूर्ण करून पाहिलं. दोन्ही तऱ्हांनी पूर्ण होतं.

मग तुमचा दहावा. केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या कडेला. तुमच्या धाकट्या भावानं पिंड ठेवला, आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. कावळे होते. सुरूच्या फांदीवर ओळीनं बसले होते, खाली मात्र एकही येईना. तुमचा भाऊ हात जोडून म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. सुलभा रडत म्हणाली, ताईला मी एकटी पडू देणार नाही. एक कावळा उडाला तो समुद्राकडे गेला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी करायला लागले.

मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवत नव्हतात. पण तिथं उभं राहून बघा, मास्तर.

ताई पुढे आल्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्रभाकरराव, तुम्ही बोला. व्याख्यानाचं बोला."

शेवटचे काही महिने तुम्ही शिरगावच्या वाचनालयात ठरलेल्या त्या व्याख्यानाच्याच नादात होतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी पुढे झालो. घसा साफ केला. म्हटलं, "मास्तर, शिरगावचं लेक्चर मी देईन."

एक कावळा फांदीवरून उतरला. पिंडापासून थोडा दूर बसला आणि मान वाकडी करून बघायला लागला. पुढे काही येईना.

ताई म्हणाल्या, "कोणाच्या बाजूनं ते सांगा ना."

बाकीच्यांना काही कळलं नाही. मला कळलं. मी त्या कावळ्याकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. समुद्राला भरती लागत होती. म्हटलं, "तुमच्या बाजूनं. चुंबकाशिवाय."

तो दोन उड्या मारून आला आणि भाताला चोच लावली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, सुलभा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कावळ्याला भूक लागली होती. मीही तेच म्हणतो. पण शब्द दिला होता आणि तो चारचौघांत दिला होता.

तयारीला बसलो तर मोठी अडचण. तुम्ही टिपणं काढत नव्हतात, डोक्यात घेऊन जायचात. ताईंनी कपाट उघडून दाखवलं, त्यात मुलांचे पेपर आणि खडूचे डबे. मग मी आठवायला लागलो आणि मला दिसलं की तुमची बाजू मला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. माझी बाजू मी कधी नीट मांडलीच नव्हती. मी इतकी वर्षं फक्त तुमची पाडायला बघत होतो, त्यामुळे तिचा एकूणएक खांब मला माहीत होता. कुठं ठोकलं की पोकळ वाजतं, तेही माहीत होतं. ते काल झाकायचं की दाखवायचं, हा प्रश्न घेऊन मी शिरगावला गेलो. व्यासपीठावरून थोडीशी माझी बाजू सरकवली असती तर कोणाला कळलं असतं? एकट्या ताईंना.

मी सरकवली नाही. ढग, त्याची ओढ, हायड्रोजनचे अणू जोडीजोडीनं एकत्र येऊन उष्णता बाहेर टाकतात ते, सगळं तुमच्या क्रमानं सांगितलं. हवेत हात फिरवून ढगही तुमच्यासारखा काढला. चुंबक लागला नाही, असं स्वच्छ म्हणालो. तोंड कडू झालं, पण म्हणालो.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागून एक म्हातारे तांडेल उठले. होडीवर आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, "माज्या होडीत होकायंत्र हाय. जमिनीत चुंबक हाय, सूर्यात हाय, तुमीच सांगितलंत. मंग पयल्या ताऱ्यातच कसा नाय? आनि तवा नव्हता तर मागनं आला कुठनं?"

मास्तर, माझाच प्रश्न. माझ्याच तोऱ्यात. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. सगळी सभा माझ्याकडे बघत होती, आणि मी तुमचं उत्तर दिलं. इलेक्ट्रॉन पुढे पळतात, क्षीण बीज पडतं, पहिल्या ढगाला ते वाढवायला सवड नसते. पहिले तारे त्याच्याशिवायच निभावतात, त्यांच्या पोटात फिरून फिरून ते मोठं होतं, आणि ते फुटले की पुढच्यांना मिळतं. हे सांगताना मला ते पहिल्यांदाच सुंदर वाटलं. खरं आहे की नाही, ते सोडा. पण आपल्याला काही मिळालेलं नसताना उभं राहायचं आणि जाताना मागच्यांना देऊन जायचं, ही तुमचीच रीत होती. पाणी प्यालो.

तांडेल बसले नव्हते. म्हणाले, "ता कलला. पन तुमाला सोताला पटलाय का?"

शब्द तुमच्या बाजूनं बोलायचा दिला होता, खोटं बोलायचा नाही. म्हटलं, "नाही पटलेलं. ज्यांना पटलं होतं, ते माझे साडू. ते असते तर आज तुमच्या बाजूला बसून मी त्यांना हाच प्रश्न विचारला असता." सभेत हसू पिकलं. ताईसुद्धा हसल्या, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मला मात्र तेव्हा लख्ख कळलं की आता माझ्याशी असं कोणी भांडणार नाही. मी बरोबर ठरलो काय आणि चूक ठरलो काय, घरी येऊन कोणाला सांगू? मला तुमची फार आठवण येते, मास्तर. इतकी येईल असं वाटलं नव्हतं.

परत येताना रिक्षात ताई, मधे सुलभा आणि कडेला मी. केळवे-माहीमचं वळण गेलं. मग ताई म्हणाल्या, "छान बोललात. पण ब्रेकचं तुम्ही नीट सांगितलं नाहीत. चुंबक नव्हता तर गिरकी गेली कुठं, ते तुम्ही गुंडाळलंत."

मी म्हटलं, "मास्तरांचं तिथंच तर अडायचं, ताई. तिथंच माझी बाजू जिंकते."

"कशी जिंकते?" ताई म्हणाल्या. "लहानपणी आम्ही दोघी वाडीत फुगडी घालायचो. ही काडीसारखी, मी अशी गोलमटोल. हात सुटले की ही भेलकांडत कुंपणापर्यंत जायची, आणि मी जागच्या जागी बसायचे. गिरकी ही घेऊन गेली, मी बसले. ढगाचे असे दोनतीन गोळे झाले, एक लांब फेकला गेला आणि दुसरा आत बसला, तर? आमच्यात कुठं होता चुंबक?"

"मी भेलकांडत नव्हते," सुलभा म्हणाली.

मी ताईंकडे वळलो. विचारलं, "हे मास्तर म्हणायचे?"

"नाही," ताई म्हणाल्या. "हे मी म्हणते."

रिक्षा पालघरात शिरली तरी मी उत्तर शोधत होतो. आज दिवसभर वर्कशॉपमध्ये बसून तेच करतोय, मोटार तशीच उघडी पडलीय. रविवारी सुलभाला घेऊन तुमच्या घरी, ताईंकडे जायचं ठरवलंय, आणि तोवर मला काहीतरी शोधलंच पाहिजे, मास्तर, कारण ताई विचारणार आहेत.